सातव्या घाटातला ट्रक

“गाडी कोण चालवतंय? मुलगा का मामा?”

हर्षदाच्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. या नाही, बसा नाही. आम्ही अजून गाडीतच होतो. पाटणमधल्या त्यांच्या बोळात माझे सर्जेरावमामा आपली नवी कोरी गाडी रिव्हर्स घेत होते, गाडी टीं टीं टीं करून कोकलत होती, आणि निकमअण्णा पायरीवर हात पाठीमागे बांधून उभे होते. मामा मागे बघतच नव्हते. समोरच्या छोट्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं, मग मान कशाला मोडायची, असं त्यांचं शास्त्र. पडद्यावर निकमांची तुळस दिसत होती, एक तांबडी रेघ दिसत होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये अण्णांच्या दोन चपला दिसत होत्या.

“मामा चालवतायत,” मी काच खाली करून म्हणालो.

“दिसतंय,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी चपला उचलून आत नेल्या.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मुलगी बघायला आलो होतो असं म्हणायची पद्धत, म्हणून म्हणायचं. मुलगी मी दोन वर्षं बघतच होतो. पुण्यात आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचा होकार होता, तिच्या आईचा होता, माझ्या घरचा तर इतका होता की आईनं शालूचा रंगसुद्धा ठरवला होता. राहिले होते अण्णा. आणि हर्षदानं मला स्वच्छ सांगितलं होतं, की अण्णा नाही म्हणाले तर विषय संपला. पळून-बिळून मी येणार नाही, माझे वडील आहेत ते, आत्ताच सांगून ठेवते. तेव्हा त्या दुपारी सगळं काही एका माणसाच्या मानेवर होतं. ती आडवी हलते की उभी, एवढंच बघायचं.

हा माणूस एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. कराड–चिपळूण गाडी, म्हणजे कुंभार्ली घाट पाठ. उन्हाळा, धुकं, दरड, सगळ्यातून गेले, आणि गाडीला एक ओरखडा नाही. जगात त्यांच्या लेखी दोनच जातीची माणसं. चालवणारी आणि बसणारी. म्हणून हर्षदानं मला दोन पथ्यं घालून दिली होती. एक, तुला गाडी येत नाही हे आपण होऊन सांगायचं नाही. दोन, तू मोबाइलवरचे गेम बनवतोस हे तर मुळीच सांगायचं नाही. रिटायर झाल्यापासून ते मोबाइलवर कसला तरी गेम खेळतात, त्यात हरतात, आणि मग दिवसभर आईवर डाफरतात. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवलीये. विचारलं तर सॉफ्टवेअर म्हण आणि गप बस.

कुठला गेम, हे मी तिला विचारायला हवं होतं. पण अहो, जगात लाखो गेम आहेत. आपलाच असेल असं कुणाच्या मनात येतं?

आत गेलो. हर्षदाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, शिरा आणला, चिवडा आणला. अण्णांच्या डोक्याच्या वर भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्र होतं, शेजारी खाकी गणवेशातला फोटो. फोटोत अण्णा हसत नव्हते. फोटोखालीही हसत नव्हते.

मामा मात्र फुललेले. फलटणला त्यांचं खताचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक असो वा सोयरा, माल पटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी गाडीचं गुणगान सुरू केलं. ती बोलते. पट्टा लावला नाही तर रागावते. पाऊस पडला की आपण होऊन काच पुसते. अण्णा ऐकत होते. मग मामांनी परदेशातल्या गाड्या काढल्या, ज्यांना म्हणे ड्रायव्हरच लागत नाही, माणूस मागे बसून पेपर वाचतो. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांना वाटलं मी त्यांना दुजोरा देतोय.

“मी तुम्हाला लिहून देतो अण्णा,” मामा म्हणाले, “अजून दहा वर्षांनी ड्रायव्हर हा प्रकारच उरणार नाही.”

एकतीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या माणसाच्या घरात, त्याचा शिरा खात, त्याच्या प्रशस्तिपत्रासमोर बसून. काकूंनी कपाळाला पदर लावला. दारामागे हर्षदा उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायले, बशी खाली ठेवली. “कॅमेरा मागचं दाखवतो,” ते सावकाश म्हणाले. “मागून येणाऱ्याला घाई हाय का न्हाई, ते न्हाई दाखवत. ते माणसाला दिसतं.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही काय करता म्हणाला?”

सॉफ्टवेअर, मी म्हणालो. कसलं, त्यांनी विचारलं. असंच, मी म्हणालो. असंच म्हंजे कसलं, ते म्हणाले. तेव्हा माझ्या तोंडून निसटलं, की मोबाइलमधलं.

“मोबाइलमधलं,” अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “मग बरं झालं तुम्ही आला. मला एका माणसाचा पत्ता पायजे.”

ते उठले, फळीवरून मोबाइल आणि चष्मा घेऊन आले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पडद्यावर हिरवा डोंगर, पिवळी बस, आणि वर मोठ्या अक्षरात ‘घाटाचा राजा’.

माझा गेम. माझा म्हणजे, कोथरूडमध्ये एका फ्लॅटात आमची पाच जणांची कंपनी होती आणि त्या कंपनीचा गेम. पण त्यातला सातवा घाट मी बनवला होता. वळणं माझी, दरी माझी, समोरून येणारा ट्रक माझा. रिकामी केबिन बरी दिसेना म्हणून ट्रकमध्ये तांबडं फडकं गुंडाळलेलं एक डोकंही मी एक अख्खी दुपार बसून काढलं होतं. घाट मात्र मी गाडीच्या मागच्या सीटवर झोपूनच पाहिलेला.

अण्णा सांगू लागले, की पस्तीस दिवस झाले, ते सातव्या घाटात अडकलेत. बस खाली उतरत असते, ट्रक वर चढत असतो, रस्ता अरुंद. इथं बस थांबवली की गेम वीस गुण कापतो आणि ‘वेळ संपली’ म्हणतो. रोज सकाळी चहा झाला की बसायचं, थांबायचं आणि हरायचं. काकू मधेच म्हणाल्या, की अहो, मग थांबू नका ना, पोरं तर म्हणतात की न थांबता बाजूनं दामटली की जाते पुढं.

“चढणाऱ्याला वाट न देता?” अण्णा म्हणाले. “मी?”

“पण त्यात कुणी नाहीये हो खरं.”

“डोकं दिसतंय की. तांबड्या फडक्यावालं.”

मी शिऱ्याच्या बशीकडे बघत होतो. पुढचं काय येणार ते मला आता कळलं होतं. अण्णा म्हणाले, मी त्या लोकांना रीतसर लेखी कळवलंय, ऐका. आणि त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. “प्रति, माननीय गेम बनवणारे साहेब. विषय, घाट क्रमांक सातमधील गंभीर चूक. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की...”

हा अर्ज मला तोंडपाठ होता. आमच्या गेमखाली लोक काय लिहितात ते वाचून उत्तर देण्याचं कामही माझ्याकडेच होतं. बाकीचे लोक ‘मस्त’, ‘बकवास’, नाहीतर नुसता अंगठा टाकून मोकळे होतात. हा एक प्राणी दर आठवड्याला एक स्टार देऊन डेपो मॅनेजरला करावा तसा अर्ज करायचा, शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहायचा, आणि सही नाही. नावाच्या जागी ‘श्री गजलक्ष्मी मोबाइल शॉपी’. मला वाटायचं कुणीतरी रिकामटेकडा दुकानदार. ऑफिसात आम्ही त्याचे अर्ज मोठ्यानं वाचून हसायचो. आता कळलं, की अण्णांनी मोबाइल त्या दुकानातून घेतला होता, खातं दुकानदारानंच उघडून दिलं होतं, आणि उघडताना नाव आपल्याच दुकानाचं टाकलं होतं. अण्णांना त्याचा पत्ताच नव्हता.

“आता त्यांचं उत्तर ऐका,” अण्णा म्हणाले. ते ऐकायची मला काहीच गरज नव्हती. एका वैतागलेल्या सोमवारी ते मीच लिहिलं होतं. “शेठ, दुकानात बसून घाट कळत नाही. आधी खरी गाडी शिकून घ्या.”

मामा खदखदून हसले. मग त्यांची नजर वर प्रशस्तिपत्राकडे गेली आणि हसू घशातच राहिलं. मामांना माझं काम माहीत होतं. ते माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे बघून इतकी हळू मान हलवली की हलली की नाही मलाच कळेना.

“मला शेठ का म्हणाला, ते काय कळलं न्हाई,” अण्णा म्हणाले. “पण हा माणूस मला एकदा भेटायला पायजे.”

भेटला तर काय करणार, मामांनी विचारलं. त्यांना हे विचारायची काय गरज होती, देव जाणे.

“काय न्हाई. कुंभार्लीतनं घेऊन जाईन. मी चालवीन, तो बसंल.” अण्णांनी मोबाइल माझ्या हातात दिला. “तुम्ही मोबाइलमधले. बघा बरं, तुमच्याच्यानं जमतंय का.”

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. हर्षदा दारातून बघत होती. काकू बघत होत्या. मला वाटलं, घाट पार करून दाखवला की म्हातारा खूश. पस्तीस दिवसांचा अडकलेला काटा जावयानं काढला, आणखी काय हवं. घाट माझाच, त्याचं प्रत्येक वळण मला झोपेत येतं. मी बस सुसाट सोडली. ट्रक आला, तांबडं फडकं आलं, मी ब्रेककडे बोटसुद्धा नेलं नाही. दरीच्या कडेनं सुळकन काढली. फटाके फुटले, पडद्यावर ‘शाब्बास’ आलं, आणि मी विजयी वीरासारखा मोबाइल पुढे केला.

अण्णांनी तो घेतला नाही. ते माझ्याकडे बघत होते. राग असता तर बरं झालं असतं. ते असे बघत होते, जसं काही आवडलेला आंबा कापल्यावर आतून किडका निघावा.

“थांबला न्हाई तुम्ही,” ते म्हणाले.

एवढंच म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. काकूंनी घाईघाईनं विचारलं, की आणखी चिवडा देऊ का. मला कळून चुकलं की मान हलली. आडवी. आणि ती माझ्या अंगठ्यानं हलवली होती. सॉफ्टवेअर म्हण नि गप बस, असं हर्षदा म्हणाली होती. पण आता गप बसून काय वाचणार होतं? गेलेलं तर गेलंच होतं. मग निदान खरं बोलून तरी जावं.

“अण्णा, तो माणूस मी आहे,” मी म्हणालो. “घाट मी बनवला. ते उत्तरही मीच लिहिलं. थांबलं की गुण कापायचे, हेही मीच ठरवलं. मला माहीतच नव्हतं, कुणी कुणाला वाट द्यायची असते ते.”

काकूंच्या हातातल्या डब्याचं झाकण पडलं आणि मोरीपर्यंत घरंगळत गेलं. दारामागून हर्षदाचा आवाज आला. “तूच तो?” तिनं विचारलं, आणि त्या दोन शब्दांत शालू, मांडव, सगळं वाहून गेलं.

अण्णा उठले. खुंटीवरची टोपी घातली. मामांपुढे हात केला. “चावी,” ते म्हणाले.

मामांनी चावी दिली. मीही दिली असती, जे काही मागितलं असतं ते.

पाटणहून कोयनानगरकडे निघालो. फक्त गाडी बोलत होती. मामा मागच्या सीटवर वरची कडी धरून बसले होते आणि मी अण्णांच्या शेजारी. गाडी मधूनमधून टीं टीं करायची. हिला गप करता येतं का, अण्णांनी विचारलं. येतं म्हणतात, मामा म्हणाले, पण कसं ते मला ठाऊक नाही. अण्णांनी रस्त्यावरची नजर न हलवता दोन-तीन बटणं चाचपली आणि बाई गप झाली. मामांनी ती गाडी दसऱ्याला घेतली होती. तोवर त्यांना ती बटणं कशाची आहेत हे माहीत नव्हतं.

घाट लागला तसं अण्णांनी सगळ्या काचा खाली केल्या आणि एसी बंद केला. मामांनी विचारलं, की अहो ऊन आहे, काचा कशाला. घाट कानानं चालवायचा असतो, असं उत्तर मिळालं. मला त्यात काही अर्थ वाटला नाही. चार वळणं उतरलो आणि अण्णांनी अचानक गाडी कडेला घेतली, जिथं रस्ता जरा रुंद होता, आणि थांबवली. समोर रस्ता मोकळा. एक चिटपाखरू नाही.

“काय झालं?” मामा म्हणाले.

अण्णांनी नुसतं बोट वर केलं. मग मलाही ऐकू आलं. खूप खालून, दोन वळणांपलीकडून, कण्हल्यासारखा एक आवाज वर येत होता. आम्ही बसून राहिलो. मिनिट गेलं, दुसरं गेलं. वळणावरून एक ट्रक डोकावला. चिऱ्यांनी शिगोशीग भरलेला, पहिल्या गिअरवर, माणूस चालतो त्याच्याही हळू. तो आमच्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या चाकात नि दरीत जेमतेम हातभर अंतर होतं. आम्ही आणखी दहा पावलं पुढे असतो, तर त्याला उभं राहावं लागलं असतं. आणि तो उभा राहिला असता तर काय झालं असतं, हे समजायला मला गाडी यायची गरज नव्हती.

ट्रकवाला आमच्याकडे बघून हसला-बिसला नाही. त्याचं सगळं लक्ष चढावर. पण पुढे जाता जाता त्यानं खिडकीवरचा हात जरासा वर केला. अण्णांनीही स्टेअरिंगवरून चार बोटं उचलली. झालं. ट्रक गेला, धूर राहिला.

“तुमच्या गेममधी थांबणाऱ्याचं काय जातं?” अण्णांनी विचारलं.

“वीस गुण.”

“आन् मिळतं काय?”

“काहीच नाही.”

“हात मिळतो,” अण्णा म्हणाले. “एकतीस वर्षं मी त्या हातावर काढली.”

ते असं काही बोलतील असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसावं. ते खाकरले, आरसा उगाचच नीट केला. मागे मामांनी नाक ओढलं. मामा हळवे आहेत, दाखवत नाहीत. मला वाटलं आता विचारावं, हर्षदाचं काय. तोंड उघडणार एवढ्यात त्यांनीच विचारलं.

“लायसन हाय?”

हे उरलेलं पथ्य. तेही मोडलं. नाही, मी म्हणालो, गाडी येत नाही मला.

अण्णांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं. घाटांचा गेम बनवणारा, ज्याला गाडी येत नाही असा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

“आधी खरी गाडी शिकून घ्या,” ते म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी काकूंना पानं वाढायला सांगितली. जेवणात दुसरं काही बोलणं झालं नाही. निघताना मामांनी धीर करून विचारलं, की मग आम्ही काय समजायचं. कळवतो, अण्णा म्हणाले. आणि गाडी बोळातून बाहेर काढून तेच देऊन गेले, पडद्याकडे न बघता, एका दमात.

पुढच्या रविवारी मी पाटणला हजर. शिकून घ्या म्हणाले होते, कुणाकडून ते म्हणाले नव्हते. अण्णांनी मला पायरीवर बघितलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परड्यातली जुनी जीप बाहेर काढली. तीन महिने, दर रविवारी. पुण्याहून पहाटेची एसटी धरायची, दिवसभर बोलणी खायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. पहिल्या रविवारी त्यांनी मला स्टेअरिंगला हातच लावू दिला नाही. नुसतं बसायचं, ऐकायचं आणि गिअर कधी बदलायचा ते तोंडानं सांगायचं. दुसऱ्या रविवारी ते तुम्हीवरून अरे-तुरेवर आले. अरे, क्लच हाय का कोंबडीची मान? अरे, दरी तिकडं हाय, तू बघतोस कुठं? हर्षदा पुण्यात माझ्याशी महिनाभर धड बोलत नव्हती. अण्णांच्या अर्जांना हसलात ना तुम्ही सगळे, एवढंच म्हणायची. मग एकदा तीही रविवारी घरी आली, तिनं माझा घामानं भिजलेला शर्ट बघितला, आणि ताकाचा तांब्या आणून दिला. तू मला भेटायला येतोस की अण्णांना, तिनं विचारलं. मी खरं उत्तर दिलं नाही.

लायसन्स मिळालं ते अण्णांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, हे सरकारचं झालं. त्यांची स्वतःची परीक्षा वेगळी होती. ते जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसले, काकूंना शेजारी घेतलं, आणि मला म्हणाले, कोयनानगर. बाकी काही नाही. मी गेलो. एकदा थांबलो, एका उसाच्या ट्रॅक्टरसाठी. कोयनानगरला पोचून मागे बघितलं तर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि अण्णा मान टाकून घोरत होते. दुसऱ्याच्या हाताखाली गाडीत त्यांचा डोळा कधी लागत नाही, काकूंनी मला हळूच सांगितलं, आमच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा ड्रायव्हरला सूचना देत होते. मला वाटलं, झालं, आता बोलतील. अण्णा जागे झाले, खाली उतरले, चहा प्यायले. मग काय, मी विचारलं. कळवतो, ते म्हणाले.

दरम्यान ऑफिसात मी सातव्या घाटासाठी भांडत होतो. थांबलं तर गुण कापायचे नाहीत, ट्रक जाऊ द्यायचा, आणि जाताना त्या तांबड्या फडक्यावाल्यानं हात वर करायचा. आमचा साहेब म्हणाला, नुसत्या हातासाठी कोण खेळणार रे, निदान चार नाणी तरी उधळ. मी नाही म्हणालो. शेवटी तो कंटाळला आणि कर काय करायचं ते म्हणाला. सोमवारी नवा गेम लोकांपर्यंत गेला. बुधवारी सकाळी साहेबानं मला आपल्या टेबलाकडे बोलावलं. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता.

“हे वाच,” तो म्हणाला.

श्री गजलक्ष्मी मोबाइल शॉपी. तीन स्टार. खाली लिहिलं होतं:

“प्रति, माननीय गेम बनवणारे साहेब. विषय: १) घाट क्रमांक सात. २) मुलीचे लग्न. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, घाट क्रमांक सातमधील चूक दुरुस्त झालेली आहे. आज सकाळी थांबलो असता घाट पार झाला. ट्रकचालकाने हात केला. तथापि तो डावा हात आहे. आपल्याकडे स्टेअरिंग उजव्या अंगास असते व हात उजवाच बाहेर येतो. तरी त्वरित दुरुस्ती व्हावी. दुसरे असे की, आमची मुलगी चि. सौ. कां. हर्षदा हिचे आपल्याशी लग्न करून देण्यास आमची हरकत नाही. तारीख मामांशी बोलून ठरवण्यात येईल. वरातीची गाडी आपण स्वतः चालवावी, मी मागे बसेन. ओळखीचे म्हणून जादा स्टार दिलेले नाहीत. आपला विश्वासू.”

मी ते तीनदा वाचलं. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलू लागली, तेव्हा कळलं की ती अक्षरं हलत नाहीयेत.

“या मोबाइलवाल्याची मुलगी तुला भेटली कुठं?” साहेबानं विचारलं.

त्याला काय सांगणार? खुर्ची ओढून बसलो आणि उत्तर लिहायला घेतलं. खूप काही लिहावंसं वाटत होतं. पण ते सगळं जग वाचणार होतं. मग आमचं नेहमीचं छापील उत्तर टाकून मोकळा झालो. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपल्या सूचनेवर नक्की विचार केला जाईल.’ खाली हर्षदाच्या लॅबमध्ये धावत गेलो तर ती फोनवर आईशी बोलत रडत होती, आणि दोन पेशंट बाही वर करून ताटकळत बसले होते.

हात मी त्याच दुपारी उजवा केला. स्टार मात्र आज आठ वर्षं झाली, तीनच आहेत.